न्यू जर्सीतली ज्यू बालवाडी: नव्या संचालिकांबद्दल पालकांची मतं दोन टोकांची, काय समजायचं?

शुभदा_एरंडवणे

नमस्कार. लेक-जावई न्यू जर्सीत असतात. नात सप्टेंबरात तीन पूर्ण करेल आणि तिला घराजवळच्या ज्यू कम्युनिटी सेंटरच्या बालवाडीत घालायचं दोघांच्या मनात आहे. दोघंही नोकरीवाले, आणि ही शाळा संध्याकाळी सहापर्यंत मूल सांभाळते. लेकीनं व्हिडिओ कॉलवर वर्ग दाखवला. मुलांच्या उंचीचं बेसिन, मातीकामाचं टेबल, भिंतीवर छापील तक्ते जवळजवळ नाहीत, सगळी मुलांनी काढलेली चित्रं. मी आयुष्यभर एरंडवण्यात बालवाडी चालवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबादला जे करून दाखवलं त्याच वाटेनं आम्ही शिकवायचो. त्यामुळे असा वर्ग दिसला की माझं मन लगेच तिकडे झुकतं.

घोडं अडलंय ते पालकांच्या मतांवर. जुन्या संचालिका बरीच वर्षं होत्या, त्या निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या. लेकीच्या ओळखीतलं एक मराठी घर म्हणतं, शाळा होती तशी राहिली नाही. शिक्षिका सोडून गेल्या, आता पालकांना वर्गापर्यंत जाऊ देत नाहीत, मूल दारातच द्यायचं, बाई भेटत नाहीत, नुसत्या ईमेल पाठवतात. लेकीच्या ऑफिसातली एक तेलुगू आई नेमकं उलट सांगते: आधी सगळा प्रेमळ गोंधळ होता, आता शिस्त आली, काही झालं तर लगेच कळतं. आणि तिथल्याच एका ज्यू आईचं तिसरंच. तिच्या मते नव्या बाईंच्या काळात बिगरज्यू मुलं वाढली म्हणून शाळेतलं ज्यूपणच पातळ करून टाकलंय.

जावयाच्या आईला, म्हणजे विहीणबाईंना, वेगळीच काळजी आहे. धर्म शिकवतील का, पोरीला त्यांच्यात ओढतील का? त्या सदाशिव पेठेतून रोज फोन करून विचारतात. मला ती भीती फारशी वाटत नाही, पण ठामपणे सांगण्याइतकं मला माहीतही नाही.

ज्यांची मुलं अशा शाळांतून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा. मुख्य बाईंबद्दल एवढी टोकाची मतं असणं हीच धोक्याची खूण मानायची का?

नितीन_औंध

ताई, मी तरी घालणार नाही. वर्षभरात शिक्षिका सोडून जातात तिथे वरच्या माणसात काहीतरी बिघडलेलं असतं, मग वर्ग कितीही सुंदर असो. तीन वर्षांच्या मुलाला बाई बदलली की घर बदलल्यासारखं होतं. शिवाय ज्यू सणांना शाळा बंद, वर अमेरिकन सुट्ट्या. दोघं नोकरी करणारे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांची रजाच संपेल. इतर शाळा बघाव्यात.

अनघा_बाणेर

शुभदाताई, आम्ही दीड वर्षापूर्वी बाणेरला परत आलो. माझा मुलगा न्यू जर्सीतल्याच एका ज्यू बालवाडीत होता, गाव वेगळं. आमच्याकडेही तो असतानाच संचालिका बदलल्या आणि पालकांमध्ये अशीच फाळणी झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दिवस कसा असतो ते. धर्म म्हणाल तर शुक्रवारी सकाळी शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, छोटी सभा. एक मूल त्या दिवसाचं यजमान. मेणबत्त्या लावतात, द्राक्षाचा रस, वेणीसारखा विणलेला हाला पाव मोडून सगळ्यांना वाटतात, दोन गाणी म्हणतात. त्याआधी प्रत्येक मूल घरून आणलेलं नाणं दानाच्या डब्यात टाकतं आणि वर्षअखेर ते पैसे कुणाला द्यायचे हे वर्गात बोलून ठरतं. माझ्या मुलाला तो डबा इतका आवडायचा की तो शुक्रवारी नाण्याशिवाय गाडीत बसायचाच नाही. सणांच्या गोष्टी सांगतात, हनुक्काला दिवे लावतात. हे सगळं होणार, ते लपवलेलं नसतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी दुसरी शाळा बघावी. पण आम्हाला कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही काय मानता, आणि दिवाळीत आकाशकंदील करायला मला बाईंनी स्वतःहून वर्गात बोलावलं.

डब्याचं लेकीला आधीच सांगा. आमच्या शाळेत मांस आणायची परवानगीच नव्हती, कारण कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, म्हणून सगळ्यांनीच दूधदुभत्याचा किंवा शाकाहारी डबा आणायचा. पोळी-भाजीवाल्यांना हे बरंच. अडचण वेगळीच झाली. शाळा नट-फ्री होती, म्हणजे दाण्याचा कूट बंद! काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, सगळं हद्दपार. आणि पेसाख या ज्यूंच्या वसंतातल्या सणाच्या दिवसांत पाव, पोळी चालत नाही.

आता संचालिकांबद्दल. कोण बरोबर हे ठरवत बसू नका. प्रत्येक मत देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: तुमचं मूल कोणत्या साली तिथे होतं, आणि कोणत्या वर्गात. आमच्याकडे हे लावून पाहिलं तेव्हा चित्र एकदम स्पष्ट झालं. चिडलेले जवळजवळ सगळे पालक लहान गटातले होते, कारण त्या गटातल्याच दोघी शिक्षिका एकापाठोपाठ गेल्या होत्या. मोठ्या गटाची बाई तीच होती, म्हणून ते पालक खूश. संचालिका दोघांची एकच, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं.

नितीन, शिक्षिका गेल्या म्हणजे वरचं माणूस वाईट, हे नेहमीच खरं नसतं. न्यू जर्सीत सरकारी शाळांतले बालवर्ग गेल्या काही वर्षांत वाढलेत. तिथे पगार, रजा, विमा बरा मिळतो, म्हणून पदवीधर शिक्षिका खासगी बालवाड्या सोडून तिकडे जातात. चांगल्या शाळांतूनही जातात. त्यामुळे किती गेल्या यापेक्षा कुठे गेल्या आणि कोण राहिल्या, हे विचारायचं. संचालिका बदलून दोन वर्षं झाल्यावरही जुन्यांपैकी निम्म्या टिकल्या असतील तर ती बाई माणसं सांभाळू शकते. सगळ्याच गेल्या असतील तर नितीनशी मी सहमत.

एक प्रसंग सांगते, कारण त्यावरून माझं मत बनलं. माझ्या मुलाला वर्गात एका मुलानं चावलं. सकाळी अकराच्या सुमाराला संचालिकांचा फोन आला, ऑफिसच्या कारकुनाचा नाही. उजव्या दंडावर, कातडी फुटलेली नाही, साबणानं धुऊन बर्फ लावलाय, भांडण लाल ट्रकवरून झालं, त्या वेळी शिक्षिका दोन हातांच्या अंतरावर होती, आता तो ओल्या वाळूत खेळतोय, तुम्हाला यायचं असेल तर या. चावलं कुणी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, तरी नाही. यावरून काही पालक त्यांच्यावर भयंकर रागावले होते, "लपवालपवी करते" म्हणायचे. मला ते अगदी योग्य वाटलं. उद्या माझ्या मुलानं कुणाला चावलं तर त्याचं नाव पार्किंगमध्ये फिरू नये असंच मला वाटेल. तीन वर्षांची मुलं चावतात, शुभदाताई, तुम्ही तर आयुष्यभर पाहिलं असेल.

त्याच बाईंनी दारातूनच मूल घ्यायचा नियम आणला तेव्हा मात्र त्यांचं चुकलं. नियम चुकीचा नव्हता. 27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गोळीबार झाला, 11 माणसं गेली, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या ज्यू संस्थांनी दारं, कॅमेरे, पहारेकरी यांबाबत नियम फार कडक केले. पण आम्हाला हे कुणी समोर बसून सांगितलं नाही. रविवारी रात्री ईमेल आली आणि सोमवारी सकाळी दारात रडणारी मुलं, हातात डबे घेतलेले गोंधळलेले पालक, आणि मध्ये एक अनोळखी पहारेकरी. माझा मुलगा दोन आठवडे रोज रडला. एक संध्याकाळ सगळ्यांना बोलावून कारण सांगितलं असतं, मुलांची पहारेकऱ्याशी ओळख करून दिली असती, तर निम्मा राग झालाच नसता. पालक कारण ऐकून घेतात, पण त्यांना गृहीत धरलं की बिथरतात, आणि संचालिकेनं हे ओळखायलाच हवं.

लेकीनं पाहायच्या आणखी दोन गोष्टी. राज्य सरकार परवानाधारक बालवाड्यांची तपासणी करतं आणि ते अहवाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. त्यात काय त्रुटी निघाल्या आणि त्या किती दिवसांत दुरुस्त झाल्या ते बघा. न्यू जर्सीच्या नियमात अडीच ते चार वर्षांच्या 10 मुलांमागे किमान एक मोठं माणूस लागतं. चांगल्या शाळा त्याहून जास्त ठेवतात. ही संख्या सकाळी दहाला नाही, दुपारी साडेचारला जाऊन मोजा.

रास्ता_पेठकर

शुभदाताई, मी पुण्यातला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंपैकी. विहीणबाईंना माझा निरोप द्या: आमच्या धर्मात दुसऱ्याला ओढून आणण्याची रीतच नाही. उलट कुणी आपणहून यायचं म्हटलं तरी रब्बी त्याला आधी परतवूनच लावतात, अशी परंपरा आहे. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. इतक्या पिढ्या शेजारी राहून आम्ही कुणाला बाटवलं नाही आणि कुणी आम्हाला छळलं नाही. आमच्या घरात मलिद्याला, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाला, आजही पोहे, गूळ, खोबरंच लागतं आणि प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेतलं जातं.

सुट्ट्यांची भानगड समजायला सोपी आहे. आमचं पंचांग चंद्राचं, आणि सूर्याशी मेळ घालायला 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना घेतात. म्हणून सण इंग्रजी तारखेला पुढे-मागे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोथ असे लागोपाठ येतात. शाळेकडून वर्षभराचं कॅलेंडर आधीच मागून घ्या आणि दोघांनी रजा वाटून घ्या. काही ठिकाणी अशा दिवसांत शेजारची घरं मिळून मुलं सांभाळतात.

दारावरच्या पहाऱ्याबद्दल अनघाताईंनी लिहिलं ते फार खरं आहे. आपल्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे आमचं सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, 1867 चं, तिथे आता बाहेर पोलीस असतात आणि आत जायला ओळखपत्र दाखवावं लागतं. माझ्या लहानपणी आम्ही त्या आवारात पकडापकडी खेळायचो. 2008 ला मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, 2010 ला इथे कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. तेव्हापासून दार उघडं ठेवा असं म्हणायची हिंमत आमच्यातल्या कुणाची होत नाही. नव्या संचालिकांना दाराबद्दल दोष देऊ नका एवढंच माझं मागणं.

त्या ज्यू आईचं दुःखही मला कळतं. अशा शाळेत मूल घालताना आपलं थोडंसं तरी त्याच्यात उतरावं ही आशा असते. बाहेरची मुलं आली म्हणून शाळेनं आपलं सोडू नये, आणि सोडायची गरजही नाही. शुक्रवारचा पाव सगळ्यांनाच गोड लागतो. तुमच्या लेकीनं संचालिकांना हे जरूर विचारावं की ज्यू पालक आणि बिगरज्यू पालक यांचं म्हणणं तुम्ही वेगवेगळं ऐकून घेता का. उत्तर देताना बाई अवघडली तर ते लक्षात ठेवा.

डब्याचं एक: पेसाखला भात चालतो का, हे घराघरांवर असतं. आम्ही खातो, युरोपातून आलेल्या पुष्कळ ज्यूंच्या घरी पूर्वापार वर्ज्य. शाळेची रीत विचारून मगच दहीभात पाठवा.

नितीन_औंध

अनघा, शिक्षिका सरकारी शाळेत जातात हा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य. पण ईमेलवर शाळा चालवणारी बाई मला तरीही पटत नाही. सुरक्षा समजू शकतो. दोन आठवडे मूल रडतं आणि बाई भेटत नाहीत, हे समजू शकत नाही. फी भरतो तेव्हा एवढी अपेक्षा चूक नाही.

शुभदा_एरंडवणे

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघा, तुमचं उत्तर मी लेकीला जसंच्या तसं पाठवलं आणि ती बुधवारी दुपारी साडेचारला, आधी न कळवता, शाळेत गेली. पहारेकऱ्यानं ओळखपत्र बघून थांबवून ठेवलं, मग संचालिका स्वतः बाहेर आल्या. तीन वर्षांच्या वर्गात त्या वेळी 11 मुलं आणि दोन शिक्षिका होत्या. जुन्या शिक्षिकांपैकी तिघी गेल्या, पैकी दोघी सरकारी शाळेत. पाच जणी अजून आहेत, आणि नातीच्या वर्गाची बाई त्या पाचांतली.

दाराबद्दल लेकीनं सरळ विचारलं. नव्या मुलासोबत पहिला आठवडा आई किंवा वडील वर्गात बसू शकतात, नाव आधी नोंदवायचं, असं बाई म्हणाल्या. मराठी घराला हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांचं मूल मार्चमध्ये मध्येच दाखल झालं होतं. नितीन म्हणतात ती उणीव खरीच आहे, आणि लेकीनं ती बाईंना तोंडावर सांगितली. त्यांनी लिहून घेतलं. पुढे काय करतात ते पाहू. माझा अनुभव असा की लहान मुलांच्या शाळेत मुख्य बाईंनी सकाळी दारात उभं राहायलाच हवं. मी रोज उभी राहायचे, पावसातसुद्धा. कोणतं मूल आज आजारी दिसतंय आणि कोणती आई रडून आलीय हे तिथेच कळतं. हेही मी लेकीकरवी कळवणार आहे.

विहीणबाईंना शनिवार तेलींची गोष्ट सांगितली. त्या मूळच्या अलिबागच्या. त्यांच्या आजोळी शेजारी असंच एक घर होतं म्हणाल्या, आणि मलिद्याची आठवण त्यांनीच काढली. त्यांचा विरोध मावळलाय.

अर्ज या महिनाअखेर भरतील. तेवढं एक सांगा, अनघा, खिचडीत दाण्याऐवजी सूर्यफुलाच्या बियांचा कूट चालतो का शाळेत?

अनघा_बाणेर

आमच्याकडे चालायचा. बिया आधी मंद आचेवर भाजा, नाहीतर खिचडी कडवट लागते. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की यात दाणे नाहीत. दिसायला सारखाच दिसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचा डबा न उघडता परत आला होता.