मदत हवी आहे: पेट्रोलचा खर्च झेपत नाही, जुनी गाडी दुरुस्त करावी, इलेक्ट्रिक घ्यावी की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात कामाला आहे. घरचं अडीच एकर वावर आहे, त्यात पऱ्हाटी आणि तूर. घरापासून दुकान 22 किलोमीटर, आणि रोजचं अप-डाऊन मोटारसायकलवर. पगार बारा हजार. महिन्याला गाडी साधारण 1200 किलोमीटर पळते आणि पेट्रोलला अडीच हजारांच्या वर जातात. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा टाकीत ओततो. 2021 मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली, ती आमच्याकडे परत खाली आलीच नाही. मधे कर कमी झाले तेव्हा थोडा दम मिळाला, पण भाव 105 च्या आसपास धरूनच मी घरखर्च बसवतो. भाव कोणामुळे वाढले, हा वाद कृपया या धाग्यावर नको. मला मार्ग हवा आहे.

आधी आमच्याकडे गाडी वापरायची पद्धत कशी बदलली ते सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज येईल. वावरात आता पायीच जातो. फवारणीचे दिवस किंवा खताची बॅग न्यायची असली तरच गाडी काढतो. किराणा, औषधं, बँक, सगळं दुकानावरून परत येताना उरकतो. त्यासाठी वेगळी खेप नाही. गावातल्या बहुतेक घरांत आता असंच आहे. पोरं संध्याकाळी फाट्यावर चहाला गाड्या घेऊन जायची, तेही बरंच कमी झालं.

पण खरी काटछाट झाली ती नात्यागोत्यात जाण्यायेण्याची. कामाची खेप कोणाला टाळता येत नाही, म्हणून माणसाची खेप टळते. साक्षगंध असेल तर घरातून एकजण जातो. तेरवीला तीन घरं मिळून दोन गाड्या नेतात. माझी बहीण उमरखेडकडे दिली आहे. आधी मनात आलं की गाडीला किक मारून निघायचो, दुपारी तिच्याकडे जेवून रात्री परत. आता पोळा नाहीतर दिवाळी. फोनवर ती विचारते, "भाऊ, कधी येतो?" आणि मी म्हणतो, पाहू, कापूस विकला की येतो. हे मला फार लागतं. पेट्रोल महाग झालं म्हणजे पैसे जास्त गेले एवढंच लोक धरतात. घरं एकमेकांपासून लांब झाली, ते कोणी मोजत नाही.

आता अडचण. गाडी 2013 ची आहे, 100 सीसी, कार्बोरेटरवाली. चांगल्या दिवसांत 60-62 चं ॲव्हरेज द्यायची. आता 48 वर आली आहे. गावात सगळे म्हणतात, पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायला लागले म्हणून. मिस्त्री म्हणतो इंजिन काम काढा, सात-आठ हजार लागतील. चुलतभाऊ म्हणतो जुनी काढ आणि कर्जावर इलेक्ट्रिक स्कूटर घे. दुकानावरचा एक गिऱ्हाईक सीएनजीच्या मोटारसायकलचं सांगत होता, पण माझ्या रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप नाही.

आणखी एक गोष्ट. मुलगी अकरावी सायन्सला आहे, कॉलेज साडेसातला भरतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण आमच्या फाट्यावर सकाळची पहिली बस पावणेदहाला. म्हणून तिला मागे बसवून साडेसहालाच निघतो. दुकान नऊला उघडतं, तोवर तिथेच पायरीवर बसून राहतो, कारण घरी येऊन परत जायचं तर आणखी 44 किलोमीटरचं पेट्रोल. दुपारी ती बसने परत येते. तिचं कॉलेज मला कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवायचं आहे, तिथे काटकसर करणार नाही.

तर माझे प्रश्न: ॲव्हरेज खरंच इथेनॉलमुळे पडलं का? इंजिनावर खर्च करावा का? इलेक्ट्रिक माझ्या हिशोबात बसते का? आणि उतारावर गाडी बंद करून सोडली तर किती वाचतं? घाटात बरेच जण तसं करताना दिसतात.

प्रतिसाद – पाना_पक्कड

भाऊ, दारव्ह्याकडे माझं गॅरेज आहे, बरीच वर्षं याच गाड्या हाताखालून जातात. आधी इथेनॉलचं बोलतो. पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की फरक पडणारच. पण किती? नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के धरले होते. 62 चे 4 टक्के म्हणजे अडीच किलोमीटर. तुमचे चौदा गेले आहेत. बाकीचे साडेअकरा गाडीतच कुठेतरी अडकले आहेत, आणि ते शोधायला इंजिन खोलायची गरज आधी नाही.

आज घरी गेल्यावर गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चांगली गाडी असेल तर चाक दोन-चार फेरे सहज घेतं. एका फेऱ्यात थांबलं आणि खस्स खस्स आवाज आला, तर ब्रेक लायनर घासतोय. आपल्या भागात हे फार होतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये शिरतो, ब्रेकचा कॅम जाम होतो आणि पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. मग गाडी दिवसभर अर्धा ब्रेक लावून चालते आणि आपल्याला वाटतं इंजिन गेलं. कॅम काढून साफ करून ग्रीस लावायला खर्च किरकोळ आहे. ब्रेकच्या पेडलला बोटभर ढिलाई ठेवा.

त्यानंतर चेन. मधोमध धरून वर-खाली केली तर इंचभर हलली पाहिजे. जास्त ताणलेली चेनसुद्धा पेट्रोल खाते, हे कोणी सांगत नाही. टायरमध्ये हवा किती ठेवायची ते चेन कव्हरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मागे माणूस रोज बसतो, तर मागच्या टायरची हवा दोघांच्या आकड्याने भरा.

आणि एअर फिल्टर. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांचे फिल्टर मी काढतो, तेव्हा धूळ आणि रुईचा नमदाच बसलेला असतो. हवा कमी मिळाली की कार्बोरेटर पेट्रोल जास्त ओढतो, प्लग काळा पडतो. प्लग काढून पाहा: विटकरी रंग असेल तर ठीक, काजळी असेल तर फिल्टर आणि ट्यूनिंग. क्लच केबलला ढिलाई नसेल तर क्लच स्लिप होतो, तेही तपासून घ्या.

इथेनॉलचा खरा त्रास जुन्या गाडीत वेगळा आहे. ते पाणी ओढतं. टाकी गंजलेली असेल तर कचरा खाली येतो, आणि जुने रबरी पाइप, कार्बोरेटरच्या रिंगा फुगतात किंवा कडक होतात. पेट्रोल पाइप बदला, कार्बोरेटरच्या वाटीतला खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं ते शक्यतो टाळा. महाग तर असतंच, आणि किती दिवस उन्हात ठेवलेलं आहे त्याचा पत्ता नसतो.

एवढं करून ॲव्हरेज मोजा: टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, चार-पाच दिवस चालवा, त्याच पंपावर परत तोंडापर्यंत भरा. काट्यावर विसंबू नका. 55 च्या वर आलं तर इंजिनाला हात लावू नका. सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तरच इंजिन काम.

घाटात गाडी बंद करून सोडू नका. हात जोडून सांगतो. इंजिनाची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापला की ब्रेक लागत नाही. मागे पोरगी बसलेली असते. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा, तेवढं पुरे. सपाट रस्त्यावर 40 ते 50 च्या मधे चालवा.

प्रतिसाद – बोरधरण

पंपावर माप कमी मिळतं असा संशय असेल तर 5 लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर असावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मागायचा हक्क आहे. 25 मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही.

प्रतिसाद – शिक्षिका_आर्वी

दादा, मी इलेक्ट्रिक स्कूटर वापरते, शाळा 14 किलोमीटरवर. माझा अनुभव चांगला आहे, तरीही तुम्हाला घाई करू नका असंच सांगेन.

खर्चाचा हिशोब असा. 3 युनिटची बॅटरी प्रत्यक्षात 80-90 किलोमीटर जाते. युनिटला 10 रुपये धरले तरी किलोमीटरमागे 35-40 पैसे. तुमच्या गाडीला 48 च्या ॲव्हरेजने जवळपास 2 रुपये 20 पैसे. 1200 किलोमीटरला महिन्याचे दोन हजारांच्या थोडे वर वाचतील. पण 1 लाखाचं कर्ज 3 वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता 3,300 च्या आसपास येतो. म्हणजे तीन वर्षं दर महिन्याला खिशातूनच हजार-बाराशे जास्त. बारा हजार पगारात आणि कापसाच्या भावाच्या भरवशावर हा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

शिवाय वावरात 45 किलोची युरियाची बॅग पायाजवळ ठेवून पांदणीतून स्कूटर नेणं पावसाळ्यात जमत नाही. आमच्याकडे रब्बीत रात्री मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेव्हा चार्जिंग पहाटेवर ढकलावं लागतं. तुम्हाला साडेसहाला निघायचं आहे.

मला तुमच्या लिहिण्यात वेगळंच दिसलं. मुलीला सकाळची बस मिळाली, तर तुमच्या मागची सीट रिकामी होते. गावातून नऊच्या सुमारास तालुक्याला कामाला जाणारा आणखी कोणी नाही का?

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_पक्कड भाऊ, चाक फिरवून पाहिलं. अर्ध्या फेऱ्यातच थांबलं, आणि ड्रमला हात लावला तर गरम. मिस्त्रीसमोरच उघडायला लावलं. कॅम चिखलाने जाम होता, लायनर एका बाजूनेच झिजलेला. एअर फिल्टर काळा ठिक्कर. दोन्ही केलं, पाइप बदलला, प्लग नवा टाकला. सगळं मिळून साडेसहाशे रुपये. टाकी भरून पहिलं मोजमाप 56 आलं आहे. इंजिन काम तूर्त थांबवलं. मुख्य म्हणजे गाडी आता ढकलली की पुढे जाते, पूर्वी ओढावी लागायची. दिवाळीपर्यंत अशीच चालली तर त्याआधी उमरखेडला एक चक्कर नक्की करणार.

ताई, तुम्ही बरोबर ओळखलं. शेजारचा पोरगा तिथेच कापड दुकानात आहे. आमच्या दोघांच्या दोन गाड्या एकाच रस्त्याने जातात, तो मात्र साडेआठला निघतो. ट्रिपल सीट मी बसवत नाही. मुलीला बस मिळाली तर आम्ही दोघं एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी गाडी काढू. दोघांचंही पेट्रोल निम्म्यावर येईल. इतका फायदा कोणतीच नवी गाडी देणार नाही. आमच्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी होती, आता नाही. वाटेवरच्या खेड्यांमधून आणखीही मुली कॉलेजला जातात, काही जणींनी तर या अडचणीने प्रवेशच घेतला नाही. बसची वेळ बदलून घ्यायला कोणाला भेटायचं, हे कोणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद – फाट्यावरचा

आम्ही केलं आहे, म्हणून सांगतो. एकट्याने अर्ज देऊ नका. ग्रामसभेत ठराव घ्या, वाटेवरच्या दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव जोडले तर वजन पडतं. प्राचार्यांचं पत्र घ्या, त्यात वर्ग किती वाजता भरतो आणि सुटतो ते स्पष्ट असू द्या. मुलींची यादी गाववार करा: नाव, वर्ग, कोणत्या थांब्यावर चढणार. हे सगळं आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. सकाळची नवी फेरी मागण्यापेक्षा मुक्कामी गाडी मागा, ती रात्री गावात थांबते आणि पहाटे तिथूनच निघते.

दुसरं, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आठवी ते बारावीच्या मुलींसाठीच आहेत. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांना त्या दिल्या आहेत. तुमचा तालुका त्यात आहे का आणि तिथल्या बस कोणत्या वाटेने फिरतात, हे आगारात विचारा. फेरी वळवायची मागणी असेल तर अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत द्या, या कार्यक्रमाची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

अर्ज जूनच्या आधी पोचला पाहिजे, कारण शाळा सुरू होताना फेऱ्या ठरतात. वर्षाच्या मधे दिला तर पाठपुरावा जास्त करावा लागतो, पण होतं. आमचं नोव्हेंबरात झालं. प्रत्येक ठिकाणी झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि अर्ज द्यायला जाताना दोन-तीन मुलींना सोबत न्या, त्यांचं म्हणणं त्यांनीच सांगू द्या.