पहिला टॅटू, शनिवारी तीन तास बसायचंय

सातारकरीण: आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. तेच डाव्या दंडावर काढून घेतेय. सुईची नाही, चक्कर यायची भीती वाटते. त्यात शनिवारी माझा उपास. चालेल का?

भाकरतुकडा: या शनिवारचा उपास सोडच. 2019 मध्ये मी नुसत्या चहावर गेलो आणि अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी! आता तासभर आधी पोळी-भाजी खातो, खिशात राजगिऱ्याची चिक्की ठेवतो. आदल्या रात्री दारू नको, झोप हवी. बिनबाह्यांचा जुना, काळा कुडता घाल. शाईचे डाग जात नाहीत.

सातारकरीण: राजगिरा तर उपासालाही चालतो की! बधिर करायचं क्रीम लावू का?

निळीशाई: आधी आर्टिस्टला विचार. काहींना क्रीम लावलेल्या कातडीवर काम करायला आवडत नाही. दंडाची बाहेरची बाजू सोसते गं, काखेकडे सरकलं की देव आठवतो. श्वास रोखू नकोस. ब्रेक माग, त्यात लाजायचं काय? आणि रक्तदान करत असशील तर लक्षात ठेव, टॅटूनंतर वर्षभर घेत नाहीत.

सातारकरीण: ठरलं, पोळी-भाजी. आईला काय सांगायचं ते नंतर बघते.