९३ टक्के भरलेली डी ड्राइव्ह, ३१ टक्के फ्रॅगमेंटेशन: डीफ्रॅग करायचं की नाही?

कटपेस्टरेंडर
विंडोज १०, रॅम १६ जीबी, १ टीबीची ७२०० आरपीएम हार्डडिस्क. तिच्यावरच सी १५० जीबी आणि डी ७८० जीबी, दोन्हींची फाइल सिस्टिम एनटीएफएस (विंडोजची नेहमीची). डीवर लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ, फोटो आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची थंबनेल कॅशे. मोकळी जागा फक्त ५५ जीबी. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ ३१ टक्के फ्रॅगमेंटेशन (फायली तुकड्यांत विखुरलेल्या असणं) दाखवतं. डीफ्रॅग, म्हणजे ते तुकडे जोडणं, रात्री लावलं, सकाळी ‘पास ४’ वर होतं आणि टक्का परत शून्यापासून. अडकलंय की चालू आहे? मध्येच लाइट गेली तर फायली जातात का? व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळतात आणि फोटोंचं फोल्डर उघडायला काही मिनिटं लागतात. दोन्हीचं कारण हे तुकडेच का?

एकदाच_घ्या
एसएसडी घ्या, विषय संपवा.

तिसरी_तबकडी
सीसाठी घ्याच, पण ७०० जीबी व्हिडिओ सीपुरत्या छोट्या एसएसडीवर मावणार नाहीत, त्यामुळे डीचा प्रश्न तसाच राहतो.

आधी त्या ३१ टक्क्यांकडे दुर्लक्ष करा. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवा तो सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४.२. त्यात हेड सरकण्याचे सुमारे ९ मिळवा. एका उडीला १३ मिलिसेकंद धरा. ४ जीबीचा व्हिडिओ सलग असेल तर सेकंदाला १२० एमबी वेगाने साधारण ३४ सेकंदांत वाचून होतो. त्याचे ४० तुकडे असले तर जेमतेम अर्धा सेकंद वाढतो, कळणारही नाही. तेच ६,००० तुकडे असले तर ७८ सेकंद नुसत्या उड्यांत जातात. म्हणून किती फायली तुटल्या हे बघू नका, कुठली फाइल किती ठिकाणी तुटली ते बघा. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज मोजतच नाही, तेही याच हिशोबाने: तेवढा तुकडा वाचायला अर्धा सेकंद लागतो, त्यापुढे १३ मिलिसेकंद किस झाड की पत्ती!

अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (अक्षरं अर्थातच रोमन):

डीफ्रॅग डी: /ए /व्ही

हे फक्त तपासतं, काही हलवत नाही. अहवालात मोकळ्या जागेचा सर्वांत मोठा सलग तुकडा केवढा आहे तो आकडा शोधा. एकेका फाइलचे तुकडे मोजायला सिसइंटर्नल्सचं कॉन्टिग हे छोटं टूल, -ए लावून.

फोटोंच्या फोल्डरचं दुखणं मात्र वेगळं आहे. ४०,००० थंबनेल, प्रत्येकी ५-१० केबी. त्यातली एकही फाइल तुटलेली नसेल. पण प्रत्येकीसाठी हेड आधी एमएफटीतली (एनटीएफएसची सगळ्या फायलींची यादी) नोंद वाचायला जातं, मग डेटा वाचायला. नोंदी कॅशेत सापडल्या असं धरलं तरी ४०,००० उड्या, १३ मिलिसेकंदांच्या हिशोबाने जवळपास नऊ मिनिटं. डीफ्रॅगने यात फारसा फरक पडणार नाही. ही कॅशे एसएसडीवर न्या, छोटी २४० जीबीचीही पुरते. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कॅशेचं फोल्डर बदलता येतं.

रात्रपाळी
पास ४ म्हणजे अडकलेलं नाही. प्रत्येक पासला टक्का नव्याने मोजतात. रखडतंय ते जागेमुळे. नीट डीफ्रॅग व्हायला किमान १५ टक्के जागा मोकळी लागते, तुमच्याकडे ७ आहे. १५ सरकत्या चौकोनांच्या कोड्यात एक घर रिकामं असतं ना, तसं चाललंय: एक फाइल बसवायला दहा हलवा.

लाइट गेली तर: एनटीएफएसमध्ये डेटा आधी नव्या जागी कॉपी होतो, मगच फाइलचा नकाशा बदलतो आणि त्या बदलाची जर्नलमध्ये (फाइल सिस्टिमच्या नोंदवहीत) नोंद असते. त्यामुळे फाइल सहसा जुन्या नाहीतर नव्या जागी शाबूत सापडते. मात्र डिस्कच्या स्वतःच्या राइट कॅशेत अडकलेल्या डेटाची हमी कुणी देत नाही, तेव्हा यूपीएस हवाच. ‘स्टॉप’ दाबून थांबवणं सुरक्षित आहे. आत्ता थांबवा.

आणि आधी क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचे रॉ आकडे बघा. सी५ शून्य नसेल तर डीफ्रॅग विसरा, आधी डेटा बाहेर काढा. खराब सेक्टरवर डिस्क कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. ते अडखळणं तुकड्यांसारखंच वाटतं, आणि डीफ्रॅग अशा डिस्ककडून रात्रभर उठाबशा काढून घेतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर तोच संशय.

कटपेस्टरेंडर
थांबवलं. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ मात्र दशमानात १४. सर्वांत मोठी सलग मोकळी जागा १.१ जीबी. कॉन्टिगने एका ६ जीबीच्या एक्स्पोर्टचे (एडिट करून काढलेल्या व्हिडिओचे) ४,८०० तुकडे दाखवले. कॅमेऱ्यातून थेट कॉपी केलेल्या जुन्या फायली ५-१० तुकड्यांच्या आहेत.

तिसरी_तबकडी
मग चित्र स्पष्ट आहे. जुन्या फायली डिस्क मोकळी असताना आल्या, एक्स्पोर्ट उरल्यासुरल्या भोकांत भरला गेला. एक्स्पोर्टची फाइल हळूहळू वाढते, शेवटी केवढी होणार हे फाइल सिस्टिमला आधी ठाऊक नसतं. त्यात दोन एक्स्पोर्ट एकदम लावले की दोघांचे तुकडे वेणीसारखे गुंफले जातात.

सी७ हा बहुतेक वेळा डिस्क आणि मदरबोर्डमधल्या केबलचा दोष. साटा केबल बदला. आकडा खाली येणार नाही, फक्त वाढत नाही ना ते बघायचं.

आता डीफ्रॅगपेक्षा सोपा रस्ता. सुमारे ७२५ जीबी यूएसबी ३ च्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला सेकंदाला १०० एमबी वेगाने दोन तास लागतात, परत आणायला तेवढेच. मध्ये डीला क्विक फॉरमॅट. सगळं सलग बसतं. पण दोन वेगळ्या डिस्कवर प्रती असल्याशिवाय फॉरमॅटचं बटण दाबू नका, नाहीतर त्या चार तासांत कुणाचं तरी लग्न एकाच केबलवर लटकलेलं असेल.

ब्लॉकग्रुप
फॉरमॅट करताना क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा लहानात लहान कप्पा) ६४ केबी ठेवा, डीवर फक्त व्हिडिओ राहणार असतील तर. थंबनेल तिथेच ठेवायचे असतील तर नको: ५ केबीची फाइल ६४ केबी अडवते, ४०,००० फायलींना सव्वादोन जीबीवर जागा फुकट. ४ केबीपेक्षा मोठ्या क्लस्टरवर एनटीएफएसचं कॉम्प्रेशनही चालत नाही, अर्थात व्हिडिओला त्याचा उपयोग नसतोच.

लिनक्सवाल्यांसाठी: ‘एक्स्ट४ ला (लिनक्सची फाइल सिस्टिम) तुकडे पडत नाहीत’ हे अर्धसत्य. ते जागा उशिरा ठरवतं, म्हणून कमी पडतात, पण डिस्क ९५ टक्के भरली की तिथेही हेच रडगाणं. ई४डीफ्रॅग -सी या कमांडने आधी तपासा.

रात्रपाळी
फॉरमॅट नको असेल तर दुसरा मार्ग: १५० जीबी बाहेर हलवा, डीफ्रॅग डी: /यू /व्ही चालवा, मग डीफ्रॅग डी: /एक्स. दुसऱ्या कमांडने मोकळी जागा एकत्र होते, नाहीतर पुढचा एक्स्पोर्ट पुन्हा भोकांत जातो.

एसएसडी आल्यावर तिथे ‘ऑप्टिमाइझ’ बंद करू नका. तिथे ते मुख्यतः ट्रिम (कुठली जागा आता रिकामी आहे ते एसएसडीला कळवणारी सूचना) पाठवतं. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर अधूनमधून थोडं डीफ्रॅगही करतं, घाबरू नका. एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय या कमांडला उत्तर ० आलं की ट्रिम चालू.

कटपेस्टरेंडर
केबल बदलली. दुसरी बाहेरची डिस्क शनिवारी मिळतेय, तोवर फॉरमॅट नाही. एक शंका: परत आणताना कुठला क्रम?

तिसरी_तबकडी
सुरुवातीचं पार्टिशन तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतं, तिथे वेग जास्त. आतल्या कडेला तो जवळपास निम्मा होतो. चालू कामाचे व्हिडिओ आधी टाका, झालेली लग्नं शेवटी. एका वेळी एकच कॉपी लावा, दोन खिडक्यांतून एकदम नको.