धोत्र्याचा धूर आणि दमा
दम्याच्या उबळीवर धोत्र्याच्या वाळलेल्या पानांचा धूर घ्यावा, असा घरगुती उपाय सुचवला जातो. ते अगदीच निराधार नाही. त्यातील अ‍ॅट्रोपिन हे विषारी द्रव्य श्वासनलिका सैल करते आणि आजच्या इनहेलरमधले इप्राट्रोपियम हे औषध त्याच अ‍ॅट्रोपिनपासून तयार झाले. अडचण मात्रेची आहे. पान, मूळ आणि बी यांतील विषाचे प्रमाण निरनिराळे असते, शिवाय ते झाडागणिक बदलते, त्यामुळे ‘दोन पाने’ किंवा ‘चिमूटभर बी’ या मापाला काहीच अर्थ उरत नाही. आयुर्वेदात बियांचे गोमूत्रात किंवा दुधात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्यावरच त्या वापरतात. तरीही औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ई(१)मध्ये धोत्रा विषारी द्रव्यांतच मोडतो. आमच्या इंदूरला महाशिवरात्रीला बेलाबरोबर धोत्र्याची काटेरी फळे विकायला असतात आणि पूजेनंतर ती देवघरात तशीच पडून राहतात (आमच्याकडेही राहत), तेव्हा घरात लहान मूल असल्यास ती त्याच दिवशी उचलावीत. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, लालबुंद चेहरा आणि असंबद्ध बडबड दिसल्यास घरगुती उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर या धुराच्या वाटेलाही जाऊ नये.