डीएक्सओ लॅब्स २०१८: फोटो सॉफ्टवेअरची कंपनी कोर्टात गेली की परवान्याचं आणि केलेल्या कामाचं काय?

रॉ_फाइल (धागाकर्ता)

मार्च २०१८ मध्ये डीएक्सओ लॅब्स ही फ्रेंच कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली गेली. बातमी आली तेव्हा अनेकांनी ‘कंपनी बुडाली’ असाच अर्थ काढला. त्याच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, तिने गूगलकडून निक कलेक्शन हा फोटो-फिल्टरांचा संच विकत घेतला होता, म्हणून धक्का जरा मोठा होता. कंपनी पुढे तरली आणि फोटोलॅब या तिच्या फोटो सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्याही येत राहिल्या. पण अशी वेळ पुन्हा कुठल्याही कंपनीवर येऊ शकते. जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

ती कोर्टाची प्रक्रिया नेमकी काय होती? अशा काळात कायमस्वरूपी परवाना चालतो का? आणि हजारो रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फाइल्सवर केलेलं काम कसं वाचवायचं? विंडोज, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, फोटोलॅब एलिट आणि निक असं गृहीत धरून सांगितलंत तर बरं.

---

ताळेबंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. फ्रेंच कायद्यात तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि बातमीत त्या तिन्हींना सरसकट ‘दिवाळखोरी’ म्हटलं जातं. घोळ तिथेच होतो.

पहिली ‘सोव्हगार्द’. कंपनी अडचणीत आहे, पण देणी अजून वेळेवर देते आहे. दुसरी ‘रेद्रेसमां ज्युदिसियेर’. हाताशी असलेल्या पैशातून मुदत झालेली देणी भागत नाहीत, पण धंदा सावरण्यासारखा आहे. तिसरी ‘लिकिदासियों’. सावरण्याची आशा नाही, मालमत्ता विकून देणी भागवायची आणि कंपनी बंद. डीएक्सओ दुसऱ्या पायरीवर होती.

देणी थकली की ४५ दिवसांच्या आत कंपनीने स्वतः कोर्टात जाणं बंधनकारक आहे. त्यामुळे अर्ज करणं ही पळवाट नसून कायद्याने घातलेली सक्ती आहे. निकालाच्या दिवसापासून निरीक्षणाचा काळ सुरू होतो. तो आधी ६ महिन्यांचा असतो, एकदा आणखी ६ महिने वाढवता येतो आणि अपवाद म्हणून सरकारी वकिलाच्या मागणीवरून पुन्हा ६. म्हणजे जास्तीत जास्त १८ महिने. या काळात निकालाआधीची सगळी देणी गोठवलेली असतात, कोणीही धनको वसुलीचा दावा लावू शकत नाही, आणि कंपनी मात्र रोजचा व्यवहार चालू ठेवते. थकलेले पगार देशपातळीवरच्या वेतन-हमी योजनेतून दिले जातात. प्रोग्रामर टिकून राहण्याचं हे मोठं कारण आहे, आणि सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर गेले की मागे उरतं काय?

२० किंवा अधिक कर्मचारी, अथवा ३० लाख युरोंची उलाढाल असेल, तर कोर्ट एक प्रशासक नेमतं. चालू करारांपैकी कोणते पुढे चालवायचे हे तो ठरवतो. सर्व्हरचं भाडं, पेमेंट गेटवे हे सगळं त्यात येतं. शेवटी एकतर कर्जफेडीची योजना मंजूर होते (ती १० वर्षांपर्यंतची असू शकते), नाहीतर धंदा पूर्ण किंवा तुकड्यातुकड्याने विकला जातो, नाहीतर तिसरी पायरी.

तेव्हा बातमी वाचताना फक्त पायरी कोणती ते पाहा. ‘बोदाक’ या सरकारी गॅझेटमध्ये कंपनीच्या नावाने प्रत्येक निकाल छापून येतो आणि तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. अफवांच्या मागे लागण्यापेक्षा ते दोन मिनिटांत होतं.

---

धूसर_कडा

आता परवाना आणि फाइल्स. आधी हे डोक्यात पक्कं करा की कंपनीच्या खात्यात पैसे नसल्यामुळे तुमच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर बंद पडत नाही. ते बंद पडतं तीन कारणांनी: ॲक्टिव्हेशनचा (परवाना तपासून सॉफ्टवेअर चालू करणारा) सर्व्हर गेला, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, किंवा नवा कॅमेरा घेतला आणि त्याची रॉ उघडेना. ॲपलच्या ॲपर्चर या फोटो सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. ॲपलकडे पैशाची काय कमी होती? तरी जून २०१४ मध्ये त्यांनी ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि मोजावे या आवृत्तीनंतरच्या मॅकओएसवर ते चालत नाही. उलट डीएक्सओ कोर्टात असतानाच जून २०१८ मध्ये ‘निक कलेक्शन २०१८’ बाजारात आलं.

फोटोलॅबमध्ये सर्व्हरवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी आहेत. एक ॲक्टिव्हेशन. दुसरी लोकांच्या लक्षातच येत नाही: ऑप्टिक्स मॉड्यूल. प्रत्येक कॅमेरा बॉडी आणि लेन्सच्या जोडीसाठी वेगळं मॉड्यूल असतं आणि त्या जोडीचा फोटो पहिल्यांदा उघडला की ते कंपनीच्या सर्व्हरवरून उतरतं. सर्व्हर गेला आणि मॉड्यूल उतरवलेलं नसेल, तर त्या जोडीच्या फोटोंना लेन्सची धार, विकृती, कोपऱ्यातला काळोख यांचं मोजमापावर बेतलेलं करेक्शन मिळणार नाही, आणि फोटोलॅब घेण्याचं मुख्य कारणच ते आहे. म्हणून आजच करायचं काम: एक फोल्डर करा, त्यात तुमच्या प्रत्येक बॉडी-लेन्स जोडीची एकेक रॉ ठेवा. जुनी बॉडी, कपाटातली मॅक्रो, टेलिकन्व्हर्टर लावून काढलेले फोटो, काही सोडू नका. तो फोल्डर फोटोलॅबमध्ये उघडा, विचारेल ती सगळी मॉड्यूल उतरवा आणि मग ‘बसवलेली मॉड्यूल’ ही यादी उघडून ताडून पाहा.

नव्या कॅमेऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. ॲडोबीच्या लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत, त्यांच्याच मोफत कन्व्हर्टरने फाइल डीएनजी या खुल्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलून नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडता येते. फोटोलॅबला असं चकवता येत नाही. तो कॅमेरा यादीत नसेल तर त्याची डीएनजीही नाकारली जाते. कंपनी थांबली की तुमच्या कॅमेऱ्यांची यादी तिथेच गोठली असं समजा.

केलेल्या कामाचं म्हणाल तर डीओपी फाइल (फोटोवर केलेल्या बदलांची फोटोलॅबने शेजारी ठेवलेली नोंद) ही साध्या मजकुराची असते, पण त्यातल्या आकड्यांचा अर्थ फक्त फोटोलॅबला कळतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ‘डीपप्राइम ४०’ (डीपप्राइम म्हणजे नॉइज, फोटोतला दाणेदारपणा, काढण्याची डीएक्सओची पद्धत) म्हणजे काय हे माहीत नाही. म्हणून वाचवायचा तो तयार झालेला फोटो, पाककृती नाही. क्रम असा ठेवा:

ज्या फोटोंचे अल्बम दिले, पैसे मिळाले, ते १६ बिट टिफ (दर्जा न घटवणारा फोटो फॉरमॅट) मध्ये काढा. २४ मेगापिक्सेलचा एक टिफ म्हणजे २४० लाख गुणिले ३ रंग गुणिले २ बाइट, साधारण १४४ एमबी. हजार फोटोंना १४४ जीबी. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन १६ बिटला फारसं लागू पडत नाही, कधी फाइल उलट फुगते. झिप कॉम्प्रेशन बरं.

जे फोटो पुढेही हाताळायचे आहेत, जास्त आयएसओचे पक्ष्यांचे वगैरे, ते डीएनजीत काढा, आणि त्यात ‘फक्त नॉइज आणि ऑप्टिकल करेक्शन’ हा पर्याय निवडा. यात डीएक्सओचं सर्वांत मोलाचं काम फाइलमध्ये पक्कं होतं आणि व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर पुढे कुठल्याही रॉ सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतं. ही डीएनजी प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग साठवते, त्यामुळे मूळ रॉच्या कित्येक पट मोठी होते. सगळ्यांची करू नका.

मूळ रॉ आणि डीओपी कधीही पुसू नका, हे वेगळं सांगायला नको.

---

नकारपट्टी

वरच्या प्रतिसादात एक भर. डीओपीत करेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी येतात, पण ‘प्रोजेक्ट्स’ (फोटोंचे आपण केलेले गट) येत नाहीत. ते फक्त फोटोलॅबच्या डेटाबेसमध्ये असतात. फाइल मेनूतून डेटाबेसचा बॅकअप वेगळा घ्या. आणि प्रेफरन्सेसमध्ये साइडकार (म्हणजे तीच डीओपी) आपोआप लिहिण्याची आणि वाचण्याची, दोन्ही खुणा चालू आहेत का ते बघा. एकच चालू असेल तर दुसऱ्या संगणकावर फोटो कोरे दिसतात आणि माणूस घाबरतो.

निकचं वेगळं आहे. फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट (फिल्टर नंतरही बदलता येणारा थर) करून फिल्टर लावला असेल तर तो पुन्हा उघडायला प्लगइन बसवलेलंच लागतं. पीएसडीच्या (फोटोशॉपच्या फाइलच्या) जोडीला एक सपाट टिफ ठेवा.

---

रॉ_फाइल

फार उपयोगाची माहिती, मॉड्यूलचा मुद्दा खरंच ध्यानात नव्हता. चालू विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात) गोठवून ठेवणं हा मार्ग कसा? आणि अशा कंपन्या मुळात अडचणीत का येतात, आधी काही खुणा दिसतात का?

---

धूसर_कडा

व्हर्च्युअल मशीन चालतं, पण त्यात ग्राफिक्स कार्डाची ताकद सहसा मिळत नाही, आणि डीपप्राइम त्याच ताकदीवर चालतं. एकेका फोटोला सेकंदांच्या जागी मिनिटं लागतील. त्यापेक्षा जुना लॅपटॉप न विकता त्यावर सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेट करून ठेवा आणि क्लोनझिला या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्या. ती त्याच लॅपटॉपवर परत टाका. दुसऱ्या यंत्रावर टाकली तर हार्डवेअर बदललेलं दिसून ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जाण्याची शक्यता असते.

---

ताळेबंद

कारणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लहान सॉफ्टवेअर कंपनीने हार्डवेअरमध्ये उतरणं हा सर्वांत मोठा धोका.

डीएक्सओने जून २०१५ मध्ये ‘डीएक्सओ वन’ आणला. एक इंची, २०.२ मेगापिक्सेल सेन्सरचा, आयफोनच्या लाइटनिंग खाचेत बसणारा कॅमेरा, किंमत ५९९ डॉलर. यंत्र सुरेख होतं. पण सॉफ्टवेअरची हजारावी प्रत विकायला जवळजवळ खर्च येत नाही, कॅमेऱ्याच्या हजाराव्या नगाला पहिल्याइतकाच सेन्सर, लेन्स आणि जुळणीचा खर्च येतो. तो पैसा माल विकण्याच्या कितीतरी आधी मोजावा लागतो. माल गोदामात, दुकानदाराचे पैसे उशिरा, आणि फोनचा कॅमेरा दरवर्षी सुधारतोय. खेळतं भांडवल असं अडकलं की चांगलं खपणारं सॉफ्टवेअरही पगार भागवू शकत नाही. २०१८ मध्येच तो कॅमेरा बंद झाला.

बाजारही आटत होता. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे पाहा: २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले, २०१८ मध्ये २ कोटींहूनही कमी. त्यातच मे २०१३ मध्ये ॲडोबीने पुढची वाटचाल फक्त वर्गणीवर असल्याचं जाहीर केलं. वर्गणीदार दर महिन्याला पैसे देतो. कायमस्वरूपी परवाना विकणाऱ्याची कमाई नव्या आवृत्तीच्या दोन-तीन महिन्यांत होते आणि बाकीचं वर्ष त्यावर काढायचं असतं. एक आवृत्ती फसली की वर्ष गेलं. निकचं तर २०१६ मध्ये गूगलने फुकट वाटप केलं होतं. फुकटची सवय लागलेल्या लोकांना तेच पुन्हा विकायचं हे अवघड काम डीएक्सओने अंगावर घेतलं.

खुणा म्हणाल तर या: नव्या कॅमेऱ्यांचा आधार लांबत जाणं, सपोर्टची उत्तरं थांबणं, वर्षभर सतत चालणाऱ्या मोठ्या सवलती, आणि ‘आयुष्यभराचे अपडेट’ एकरकमी विकणं. शेवटची सर्वांत वाईट, कारण त्यात उद्याचं उत्पन्न आज खाल्लं जातं. कंपनी विकली जाणं मात्र दर वेळी वाईटच असतं असं नाही. पिक्समँटेक कंपनीचं रॉशूटर हे रॉ सॉफ्टवेअर ॲडोबीने २००६ मध्ये घेतलं. सॉफ्टवेअर थांबलं, पण प्रीमियम परवानाधारकांना लाइटरूमची पहिली आवृत्ती मोफत मिळाली.

---

हप्ता_बंद

पैशांचं थोडं. फ्रान्समध्ये निकालाआधी खरेदी केली असेल तर परताव्याची रक्कम ‘जुनं देणं’ ठरते आणि गोठते. गॅझेटमध्ये प्रसिद्धी झाल्यापासून २ महिन्यांत, फ्रान्सबाहेरच्यांना ४ महिन्यांत, धनकोंच्या प्रतिनिधीकडे दावा नोंदवावा लागतो. शंभर युरोंसाठी तो खटाटोप परवडत नाही. परवान्याची ‘की’ (सॉफ्टवेअर चालू करणारा कोड) आलीच नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करून चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागा. मुदत सहसा १२० दिवसांच्या आसपास असते, बँकेला विचारून घ्या. निकालानंतर केलेल्या खरेदीला कायद्यात अग्रक्रम आहे, ती जुन्या देण्यांत अडकत नाही.

वर्गणी असेल आणि कार्ड भारतीय असेल, तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश यायलाच हवा, आणि परदेशी कंपनीचा ई-मँडेटही (आपोआप हप्ता कापण्याची परवानगी) बँकेकडूनच रद्द करता येतो. कंपनीच्या वेबसाइटवर ‘रद्द करा’चं बटण चालत नसलं तरी अडत नाही. रद्द करण्याआधी इन्स्टॉलर, परवान्याची की आणि पावती, तिन्ही स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. ग्राहक खात्याचं पान बंद झालं की ती परत मिळत नाहीत.