उशुआयाला दोन दिवस पुरतील का?

वर विचारलंय की अंटार्क्टिकाच्या बोटीआधी उशुआयात, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या शहरात, दोन दिवस ठेवले तर कंटाळा येईल का. अजिबात नाही, उलट कमीच पडतील. बीगल खाडीतली दीपगृहाची फेरी सगळेच करतात, करावीच. खडकावर लोळणारे सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी) दिसायच्या आधी त्यांचा वास येतो, एवढं सांगून ठेवते!

पण मला जास्त आवडलं ते तिएरा देल फुएगो राष्ट्रीय उद्यान. शहरापासून जेमतेम १२ किमी. राष्ट्रीय मार्ग ३ तिथे लापाताइया खाडीपाशी संपतो; पाटीवर ब्वेनोस आइरेस ३०७९ किमी. उद्यानात जाणारी छोटी आगगाडी मूळची उशुआयाच्या तुरुंगातल्या कैद्यांची, लाकूड आणायला. रुळांच्या बाजूला अजून बुंधे दिसतात, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. हिवाळ्यात बर्फ साचलेला असायचा, तो जिथवर असेल त्याच्या वरून झाड तोडायचे. तुरुंग १९४७ साली बंद झाला, आता तिथे संग्रहालय आहे.

वाळलेली, पाण्यात उभी झाडं दिसली तर ती बीव्हरची कृपा; हे कुरतडणारे प्राणी ओढ्यांवर बांध घालून पाणी अडवतात. १९४६ साली फरच्या धंद्यासाठी कॅनडातून आणून सोडले, इथे त्यांना खाणारं कोणी नाही. आता आवरत नाहीत.

डिसेंबरात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवणानंतरही भटकता येतं. छत्री मात्र नेऊ नका. वाऱ्यात माझी छत्री पहिल्याच तासात उलटी झाली. टोपीवाला रेनकोट बरा.