शब्दचर्चा : ‘शनवार तेली’ आणि निसिम इझिकेल यांचे पूर्वज

प्रश्न : निसिम इझिकेल यांच्या ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या इंग्रजी कवितेत पूर्वजांचा उल्लेख जातीजातींमध्ये राहून तेलबिया गाळणारे परके लोक असा येतो. मराठी अनुवादात तेथे ‘शनवार तेली’ म्हटले तर योग्य ठरेल काय?

उत्तर : इझिकेल यांचा जन्म १९२४ साली मुंबईत, बेने इस्रायल कुटुंबात झाला. हा ज्यू समाज कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, कित्येक पिढ्या तेलाचा घाणा चालवीत आला. शनिवार हा त्यांचा धार्मिक विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद असे, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांना जे दिसले त्यावरूनच ‘शनवार तेली’ हे नाव पडले. पुढे यांतील अनेक कुटुंबे मुंबईत आली. घरची भाषा मराठी आणि आडनावे दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली, त्यामुळे शब्द इतिहासाला धरून आहे याबद्दल शंका नाही.

तरीही त्या ओळीत तो घालू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘शनवार तेली’ म्हणताना गावाने या लोकांना तेल्यांतच मोजले आहे आणि वेगळेपण केवळ सुटीच्या वारापुरते ठेवले आहे. कवी मात्र नेमके उलट सांगतो आहे की जातींच्या या रचनेत ते कोठेच बसत नव्हते. गावाने दिलेले नाव आपलेपणाने जागा देते, कविता ती जागा नाकारते. म्हणून ‘उपरे’ हाच शब्द हवा. ‘परके’ चालेल, पण त्यात नात्यातला दुरावाही येतो. ‘उपरा’ म्हणताच ज्याचे मूळ या गावात नाही असा माणूस उभा राहतो. याच कवितेच्या शेवटी कवी आहे तेथेच राहण्याचा निर्णय घेतो, आणि मुंबईत अध्यापन करीत, इंदिरा संत यांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेत, इझिकेल यांनी तो प्रत्यक्ष पाळला. पूर्वजांचे उपरेपण आधी सौम्य केले, तर त्या निर्णयाचे वजनच कमी होते. ‘शनवार तेली’ची माहिती अनुवादकाच्या टिपणात अवश्य द्यावी.

पुरवणी : वरील मताशी सहमत आहे. त्याच ठिकाणी घाण्याभोवती फिरणारा, डोळ्यांवर आच्छादन असलेला बैल येतो. तेथे ‘झापडबंद’ हे विशेषण सहज सुचेल, परंतु आज तो शब्द मुख्यतः संकुचित विचारांसाठी वापरला जातो आणि पूर्वजांवर नसलेला ठपका येतो. ‘डोळे बांधलेला बैल’ असे साधे लिहावे. तेलबियांसाठी मात्र ‘चिरडणे’ न वापरता ‘गाळणे’ ठेवावे, कारण घाण्यातून तेल गाळले जाते, असेच आपण म्हणतो.